ऐंशी नंबरवर कोण बसलंय?

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला एक वाक्य येतं, 'आधी आपापल्या मशीनवर लोकल सर्व्हर सेट करून घ्या.' आणि लोकल सर्व्हर म्हणजे आपल्याच मशीनवर वेबसाइट चालवून बघायची सोय, एवढंही न सांगता गडी लगेच पुढे सरकतो. इथे मुलुंडला गणपती येऊन गेले, घट बसले आणि उठले, तरी आमचं 'आधी' काही संपेना.

निमित्त सोसायटीचं. गळती, पाणी, पार्किंग यांच्या तक्रारी एका वहीत. वही सेक्रेटरींच्या कपाटात, कपाटाची किल्ली सूनबाईंकडे आणि सूनबाई माहेरी. तेव्हा तक्रारींसाठी एक साधंसं वेब ॲप्लिकेशन आपणच करावं, असं सभेत ठरलं. 'आपणच' म्हणजे मी, हे बाकीच्यांना माझ्याआधी कळलं होतं.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला. "मामा, झॅम्प कोण वापरतं आता? डॉकर टाक." डॉकर म्हणजे काय हे तो इतका वेळ सांगत होता की कुकर गार झाला. शेवटी म्हटलं, "झॅम्पच टाकतो रे बाबा." ब्राउझरला पानं पाठवणारा अपाचे सर्व्हर, ती पानं तयार करणारी पीएचपी भाषा, माहिती साठवणारा डेटाबेस, सगळं एकाच इन्स्टॉलरमध्ये येतं, तेही फुकट. शिकाऊ माणसाला याहून जास्त काही लागत नाही, हे माझं मत भाच्याला मान्य नाही. नसू दे.

अपाचेसमोरचं 'स्टार्ट' दाबलं. खाली लाल अक्षरांची रांग लागली: पोर्ट ८० वापरात आहे, पीआयडी (म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर) ४.

पोर्ट म्हणजे प्रोग्रामला बसायला मशीनवर नंबर घातलेली जागा. साध्या एचटीटीपीचा पत्ता टाकला की ब्राउझर मुकाट्याने ८० नंबरच्या पोर्टवर जातो. पोर्ट एकूण ६५,५३५. पण बसायचं सगळ्यांना ऐंशीवरच. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सीट रिकामी दिसावी आणि तिच्यावर कुणाचा तरी रुमाल असावा, तसला प्रकार. रुमाल कुणाचा ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालवलं. मग टास्क मॅनेजर उघडून चार नंबरचा धनी शोधला. नाव काय, तर 'सिस्टिम'. म्हणजे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम. रुमाल मोटरमनचाच निघाला! त्याला उठवणार कोण? अपाचेच्या सेटिंगची कॉन्फिग फाइल उघडली, 'लिसन ८०' होतं तिथे 'लिसन ८०८०' केलं आणि निमूट दुसरी सीट धरली. अपाचे हिरवा झाला. बायकोला हाक मारून दाखवलं. "हिरवं झालं, मग?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

मग इंडेक्स डॉट पीएचपी ही फाइल केली, ती अपाचे जिथून पानं उचलतो त्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवली. ब्राउझर म्हणे, 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड'. फोल्डरमध्ये फाइल ढळढळीत दिसतेय! शेवटी भाच्याने एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाची शेपटी, दाखवण्याचं सेटिंग चालू करायला लावलं, तेव्हा पीएचपीच्या मागे दडून बसलेलं 'डॉट टीएक्सटी' बाहेर आलं.

डेटाबेस मात्र गुणी. मायएसक्यूएलच्या जनकाने, मॉण्टी विडेनिअसने, त्याला थोरल्या लेकीचं, 'माय'चं नाव दिलं आणि २००९ मध्ये वेगळी चूल मांडली तेव्हा धाकट्या मारियाच्या नावाने मारियाडीबी काढला. झॅम्पच्या पाटीवर अजून थोरलीच आहे, आत नांदते धाकटी. आणि युजर 'रूट', पासवर्ड कोरा! आमच्या गच्चीलासुद्धा दोन कुलुपं आहेत.

अखेर पडद्यावर 'नमस्कार' उमटला. पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, आणि पुढे आमची ८०८० ची सीट. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, एक कोटी सदुसष्ट लाखांवर पत्ते, मशीनने स्वतःशी बोलण्यासाठीच राखून ठेवलेत. मुंबईत एक पत्ता करायला माणसाची वीस वर्षं हप्त्यात जातात, आणि इथे ही चैन!

सेक्रेटरी बघायला आले. हा पत्ता ज्याच्या-त्याच्या मशीनपुरताच असतो, तुमच्या फोनवर टाकलात तर तुमचाच फोन शोधेल, हे मी सांगेपर्यंत त्यांनी तो ग्रुपवर टाकलाही होता. पाठोपाठ मेसेज. "उघडत नाही." "आमच्या विंगला नाहीये का?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, लिफ्ट बंद आहे म्हणून का? आणि खजिनदारांचा सविस्तर मेसेज आला, की सर्व्हरचा मेंटेनन्स फ्लॅटमागे लावायचा की स्क्वेअर फुटावर, हे आधी ठरवा.