चेहऱ्याआधी हात बघा

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट म्हटलं की लोकांना मोठाली तैलचित्रंच आठवतात. त्याची छापचित्रं फारशी कुणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बरीचशी तर तळहातात मावतील एवढीच. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईनं ओढलेल्या रेषा, मग त्या रेषा पत्र्यात कोरणारं अ‍ॅसिड, त्यांत भरलेली शाई आणि कागदावर छापणारा दाब. रंगाचा आधारच नाही.

१६३५ सालची पॅनकेकवाली बघा. पॅनकेक म्हणजे आपलं धिरडंच. म्हातारी लांब दांड्याचा तवा धरून बसलीय, भोवती पोरांचा गराडा. पण माझी नजर दरवेळी खाली, पुढ्यात जाते. तिथं एक चिमुरडं आहे आणि त्याच्या धिरड्यावर टपलेलं कुत्रं. पोरानं हात होईल तेवढा लांब ताणलाय, सगळं अंग पिळवटलंय, रडू फुटलंय. म्हातारीचं लक्ष तव्यावर. त्या पोराचं अख्खं जग त्या घासात अडकलंय आणि शेजारच्या कुणाला त्याचा पत्ताही नाही. लहानपण इतकं खरं मी क्वचितच कुठे पाहिलंय.

हे रेम्ब्रांटला सहज जमलं नव्हतं. १६३० मध्ये, चोविशीत, नेदरलँड्समधल्या लायडन शहरात असताना तो स्वतःचंच तोंड रेखाटत होता: डोळे विस्फारलेलं, हसणारं, आठ्या घातलेलं. त्यातली काही चित्रं जेमतेम पाच सेंटिमीटरची. त्याच वर्षी त्यानं रस्त्याकडेला बसलेला, तोंड वासून हात पुढे करणारा भिकारी काढला आणि त्याला चेहरा दिला तो स्वतःचा! मला हे फार मोठं वाटतं. लाचारी त्यानं आधी स्वतःच्या तोंडावर घेऊन बघितली.

हार्लेम या डच शहरातला चित्रकार आद्रियान फान ऑस्टाडे, त्याचं १६५३ सालचं, जेवणाआधी प्रार्थना करणारं शेतकरी कुटुंबही जरूर बघा. ‘जुन्या काळचे गरीब लोक’ म्हणून ही चित्रं बाजूला सारणं मला अजिबात पटत नाही.

आणि मग रेम्ब्रांटचं १६४८ चं चित्र. दारात भीक मागायला आलेलं कुटुंब. बाईच्या पाठीवर तान्हं मूल, एक पोरगा तर आपल्याकडे पाठ करूनच उभा. अठरा वर्षांपूर्वीचं ते वासलेलं तोंड इथं कुठेच नाही. दारातला म्हातारा जरा पुढे झुकलाय, बाईनं हात पसरलाय. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर ते मोठं करून बघता येतं. त्या दोन हातांपाशी थांबा, नाणं आत्ता पडतंय.