शंभरपर्यंत लिहिता येतं, पण सात म्हणजे किती?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. कोथरूडपासून हडपसरपर्यंत बऱ्याच जणांकडे तो आला असेल. मजकूर थोडक्यात असा: 'पूर्वीच्या लोकांना पावकी-दिडकी (पाव, दीड अशा अपूर्णांकांचे पाढे) तोंडपाठ, म्हणून त्यांचं गणित पक्कं. आता शाळेत मणी, काड्या आणि खेळ. परीक्षा नाहीत, नुसत्या नोंदी. बालवाडीतच १ ते १०० लिहून घ्या, बोटं मोजू देऊ नका, ३० पर्यंत पाढे घोकून घ्या, दर शनिवारी लेखी चाचणी घ्या. गणित आपोआप येईल.'

यामागची काळजी खरी आहे. उपाय मात्र चुकीचे आहेत आणि ते चार-पाच वर्षांच्या मुलांवर लादले जातात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं.

'१ ते १०० लिहिता आलं की पाया पक्का.'

घरी पाच मिनिटांत तपासता येईल. चटईवर ७ चिंचोके ठेवा आणि मुलाला मोजायला सांगा. मोजून झाल्यावर विचारा, 'किती आहेत?' संख्या कळलेलं मूल 'सात' म्हणून मोकळं होतं. न कळलेलं पुन्हा एकपासून मोजायला लागतं, कारण त्याच्या लेखी 'सात' हे शेवटच्या चिंचोक्याचं नाव असतं. मग ढिगातून 'मला पाच दे' म्हणा. मूठभर उचलून हातावर ठेवणारं मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं असू शकतं. पुढे तेच ७ चिंचोके लांब लांब पसरा आणि आता किती ते विचारा. शेवटी ३ चिंचोके वाटीखाली झाका, ४ उघडे ठेवा आणि झाकलेले किती ते विचारा. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यातलंच एक. ते कळण्याआधी लिहिलेला ७ हे मुलासाठी एक वळण असतं, बाकी काही नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना आधी ५, मग ३. ऐकलं तसं लिहिणारं मूल ३५ लिहितं. 'एकोणसाठ'मध्ये कानावर साठ पडतं, म्हणून ६९ लिहिलं जातं. बरं, एकोणऐंशी, एकोणनव्वद इथपर्यंत नियम कळतोय असं वाटावं, तर पुढे एकदम 'नव्याण्णव' येतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी रूपं दिली ती याच अडचणीमुळे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर तेव्हा बरीच टीका झाली. रूढ नावं सोडावीत असं आम्हालाही वाटत नाही, पण अडचण खोटी नव्हती. तिच्यावर उपाय म्हणजे एकावर एक बसणारी संख्याकार्डं. ५० चं लांब कार्ड, त्याच्या शून्यावर ३ चं छोटं कार्ड ठेवलं की ५३ दिसतात. कार्ड उचललं की खालचे पन्नास पुन्हा दिसतात. 'तीनशे चार' ऐकून ३००४ लिहिणाऱ्या मुलालाही ३०० वर ४ ठेवून दाखवा. वहीत तोच आकडा वीस वेळा लिहून घेतला तर चूकच हाताला बसते.

'बोटं मोजू देऊ नका.'

बोटं मोजणं ही पायरी आहे. ८ + ५ करताना एक मूल आधी आठ, मग पुन्हा पाच बोटं उघडत सगळी एकपासून मोजतं. दुसरं आठ मनात धरून 'नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा' म्हणतं. बोटं दोघांचीही चालली, पण दुसरं मूल बरंच पुढे आलेलं आहे. बोटं बंद केली तर मूल ती बाकाखाली मोजतं आणि ते कुठल्या पायरीवर आहे हे आपल्याला दिसेनासं होतं. बोटं सुटावीत असं वाटत असेल तर दहाची चौकट द्या. ३० अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे ५ × ६ खळग्यांचा असतो. तो कापला की २ × ५ च्या तीन चौकटी होतात. एकीत ८ बटणं ठेवली की दोन रिकामे खळगे समोर दिसतात. पाचातली दोन तिकडे, उरली तीन, झाले तेरा. रोज दहा मिनिटं पुरतात.

'मणी-काड्यांत वेळ जातो, सरळ रीत शिकवा.'

सरळ रीत शिकवल्यावर काय होतं ते ५२ − २७ मध्ये दिसतं. पुष्कळ मुलं ३५ लिहितात: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. हातात १०-१० काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतील तर दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत हे बोटांनाच कळतं. एका गठ्ठ्याचं रबर काढलं की बारा सुट्या होतात. सात दिल्या, पाच उरल्या. चारातले दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. हातचा म्हणजे सोडलेलं रबर.

काड्या वापरूनही गणित फसतं, हेही सांगायला हवं. काड्या बाईंच्या हातात आणि मुलं प्रेक्षक असतील तर उपयोग नाही. गठ्ठे मुलांनी स्वतः बांधलेले हवेत; नऊ किंवा अकरा काड्यांचा गठ्ठा झाला तर चूक त्यांनाच सापडू द्यावी. प्लास्टिकचे दशकदांडे (दहा एककांचे सलग दांडे) सुटे होत नाहीत, म्हणून वजाबाकीची सुरुवात त्यांच्यापासून करू नये. शिवाय काड्यांवरून एकदम आकड्यांवर उडी मारू नये. मधे काही दिवस दशकासाठी उभी रेघ आणि एककासाठी टिंब असं चित्र काढून घ्यावं. ही मधली पायरी सर्रास गाळली जाते.

'पूर्वीच्यांचं गणित पाढ्यांमुळे पक्कं होतं.'

पूर्वीच्या म्हणजे कोणाच्या? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती. ज्यांना शाळा मिळाली आणि जे तिथे टिकले, त्यांचं गणित आपण आठवतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांना तेव्हा रोजचं काम होतं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर. पाव-पाऊण-दीड केल्याशिवाय बाजारच होत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलोग्रॅम आला आणि त्या पाठांतराखालचा आधार गेला. मंडईत आजही 'पावशेर मिरची' मागतात, काट्यावर २५० ग्रॅम दिसतात.

पाढे पाठ असावेतच, त्यात वाद नाही. दहापर्यंतचे तिसरी-चौथीत बिनचूक यायला हवेत. पण 'सात आठी' विचारल्यावर 'सात एके सात'पासून सुरुवात करावी लागत असेल तर मुलाला चाल आली आहे, पाढा आलेला नाही. पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न, हे दिसलं की विसरलेला पाढा उभा करता येतो. १७ × ६ साठी साठ आणि बेचाळीसची बेरीज येणाऱ्या मुलाला सतराचा पाढा अडत नाही.

'परीक्षा नाही, नुसत्या नोंदी.'

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. ४८ + ३६ हे उदाहरण तीन मुलांनी चुकवलं. एकानं ७१४ लिहिले, दुसऱ्यानं ७४, तिसऱ्यानं ८५. शनिवारच्या चाचणीत तिघांचाही एक गुण गेला आणि कागदावर तिघं सारखे ठरले. पहिल्याला चौदामधला दशक कळलेला नाही. त्याला गठ्ठे बांधायला बसवायचं. दुसऱ्याला तो कळतो, हातचा मांडायचा राहिला. त्याला एवढंच सांगायचं की आधी अंदाज कर, पन्नास आणि पस्तीस किती? तिसऱ्याचं सगळं बरोबर आहे, मोजताना एक जास्त झाला. त्याला दहाची चौकट हवी. तिघांनाही 'सराव वाढवा' हा शेरा दिला तर तिघांचाही वेळ वाया जातो.

समग्र प्रगती पत्रकात, म्हणजे नोंदींच्या नव्या प्रगतिपुस्तकात, नेमकं हे उतरायला हवं. ३० मुलांच्या वर्गात रोज सहा मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे १८ मिनिटं. पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. नोंद दिसलं तशी करायची: '८ + ५, आठपासून पुढे मोजलं', 'एकोणसाठला ६९ लिहिले'. 'गणितात रस घेतो' या वाक्यावरून सोमवारी काय शिकवायचं ते कळत नाही. सत्राअखेर एका बैठकीत आठवून भरलेल्या नोंदींवर पालक चिडतात, तो राग योग्यच आहे. लेखी काम बंद करा असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाची लक्ष्यं तर मोजून दिलेली आहेत: पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९, सोबत बेरीज-वजाबाकी आणि पुढे सोपे गुणाकार.

संदेशाच्या शेवटी 'घरी रोज एक पान आकडे लिहून घ्या' असंही म्हटलंय. त्याऐवजी मुलाला भाजी आणायला सोबत न्या. ६५ रुपये झाले, १०० ची नोट दिली. भाजीवाल्या मावशी शंभरातून पासष्ट वजा करत बसत नाहीत. आधी पाच ठेवतात, 'सत्तर', मग दहा-दहाच्या तीन नोटा, 'ऐंशी, नव्वद, शंभर'. पुढच्या खेपेला ते पैसे मुलाला हातात घेऊ द्या आणि त्यालाच मोजू द्या.