थोमाचे आठ दिवस

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्याकडे देवळात शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, थोमाची गोष्ट वाचतात. येशू मेलेल्यांतून उठला असं बाकीच्या शिष्यांनी सांगितलं, तेव्हा 'त्याच्या जखमा स्वतः पाहून बोट लावल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही' म्हणणारा शिष्य तो थोमा. दर वर्षी तेच. आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, 'संशयी थोमासारखं होऊ नका.' लहानपणापासून ऐकत आले. यंदा मात्र ते ऐकवेना, म्हणून लिहायला बसले.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. कॅन्सर होता. त्या सहा महिन्यांत घरात काय काय केलं नाही! रोज संध्याकाळी रोझरी म्हणजे माळेवरची प्रार्थना, नऊ दिवसांची नोव्हेना, कुणी येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून जायचं, कुणी साक्षी सांगायचं की अमक्याचा असाच आजार असाच बरा झाला. बाबा गेले. दफनानंतर तिसऱ्या दिवशी अगदी जवळच्या नात्यातलं माणूस आईसमोर बसून म्हणालं, "तुमचा विश्वास कमी पडला. पुरता असता तर चमत्कार झाला असता."

आई काही बोलली नाही. मांडीवर माळ होती तिच्या. त्या माळेचा एक मणी फार पूर्वीच निसटून हरवलाय, तिथं आईनं पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय. रोज रात्री तिचा अंगठा सरकत सरकत त्या गाठीशी येतो, थांबतो, तिथंही ती एक 'नमो मारिया' म्हणते आणि पुढच्या मण्यावर जाते. चाळीस वर्षं हे करणाऱ्या बाईचा विश्वास कमी पडला?

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. देवळातल्या उपासनेला, मिस्साला, जात होते, कारण आईला घेऊन जायला दुसरं कुणी नव्हतं. मागच्या बाकावर बसायचे. सगळे उभे राहून आपली श्रद्धा बोलून दाखवतात तेव्हा माझे ओठ मिटलेले. देव असेल तर एकदा तरी काही दाखवावं, एवढंच मनात यायचं.

पुरावे पाठवणारे पुष्कळ होते. येशूचं प्रेत ज्यात गुंडाळलं होतं असं म्हणतात, त्या इटलीतल्या तुरिनच्या कफनाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कितीदा आले! १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्या कापडाची कार्बन चाचणी केली आणि ते १२६० ते १३९० या काळातलं निघालं. त्यावर अजून वाद घालणारे आहेत, घालोत. ख्रिस्तसभेनंही ते कापड येशूचंच आहे असं अधिकृतपणे कधी जाहीर केलेलं नाही. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. उद्या ते कापड खरं ठरलं, तरी माझ्या बाबांच्या रिकाम्या खाटेपुढं त्याचं मी काय करू?

मग एका रात्री योहानाचं शुभवर्तमान काढलं आणि विसावा अध्याय सावकाश वाचला. किती अन्याय केलाय आपण या माणसावर! मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं बाकीच्यांना आपले जखमांचे हात आणि कूस दाखवली, मग त्यांना आनंद झाला. थोमा तेव्हा तिथं नव्हता. त्यानं जे मागितलं ते बाकीच्यांना न मागता आधीच मिळालं होतं. आणि ते बाकीचे तरी कुठं लगेच विश्वास ठेवणारे होते? लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो, येशूच्या रिकाम्या कबरीवरून आलेल्या बायांचं बोलणं त्यांना बडबड वाटली होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर येशू समोर उभा असतानाही काहींना संशय वाटला असं स्वच्छ लिहिलंय. नाव मात्र एकट्या थोमाला. येशू जिवावरच्या धोक्यात निघाला तेव्हा 'आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' म्हणणारा हाच थोमा होता, हे किती जणांना आठवतं?

पण मी अडकले ती एका साध्या शब्दापाशी. 'आठ दिवसांनी.' आपण मराठीत आठवड्याला आठ दिवस म्हणतो, तसंच तिथं आहे. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे 'मी विश्वास ठेवणारच नाही' असं तोंडावर सांगूनही तो निघून गेला नाही, आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. दहा जणांना प्रभू दिसलाय, अकराव्याला दिसलेला नाही, आणि सगळे एकाच घरात जेवताहेत, झोपताहेत. कसे गेले असतील ते आठ दिवस? त्याला कुणी ऐकवलं असेल का, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून? ऐकवून ऐकवून घालवून दिलं असतं, तर येशू आला तेव्हा थोमा तिथं नसताच.

मग येशूनं त्याला आपण होऊन बोलावलं, बोट इकडे कर म्हणाला. चित्रांमध्ये थोमा जखमेत बोट घालताना दाखवतात, पण शुभवर्तमानात त्यानं बोट लावलं असं लिहिलेलंच नाही. 'माझा प्रभू आणि माझा देव' एवढंच तो म्हणाला.

बाबांबरोबर मी एकदा चेन्नईला सांथोमच्या, म्हणजे संत थोमाच्या, चर्चला गेले होते. थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरला आणि चेन्नईतल्याच मैलापूरला मारला गेला, ही आपल्याकडची जुनी परंपरा. खाली तळघरात कबर आहे. बाबा बागायतदार माणूस, रोपसुद्धा मूळ बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. तिथं त्यांनी एकाला विचारलंच, "इथंच पुरलं होतं कशावरून?" त्यानं सांगितलं, परंपरा आहे, आणि अस्थी इटलीत ओर्टोनाला नेल्यात असं मानतात. बाबांनी मान हलवली. मग त्याच कबरीपुढं गुडघे टेकले ते वीस मिनिटं उठले नाहीत. प्रश्न आणि गुडघे, दोन्ही त्यांचेच होते.

पंडिता रमाबाईंचंही हेच. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरच त्यांचे प्रश्न जोरात सुरू झाले. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे का मानायचं, येशूच्या देवत्वाला आधार काय. ज्या ख्रिस्ती संन्यासिनीनं, सिस्टरनं, त्यांना आधार दिला होता, तिच्याशी पत्रांतून वाद घातला. कितीतरी जण नाराज झाले. आणि याच बाईनं आयुष्याची अखेरची वर्षं केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना तेव्हा दाराबाहेर काढलं असतं तर?

मला बाहेर काढलं नाही ते एका मावशींनी. नात्यातल्या नाहीत, आमच्या गल्लीतल्या. मी मागं बसायला लागले तशा त्याही मागच्या बाकावर यायला लागल्या. उशीर झाला तर शेजारी पिशवी ठेवून जागा धरायच्या. वर्षभरात मला एकदाही विचारलं नाही की तोंड का मिटलंय, प्रसादाची भाकर घ्यायला, कम्युनियनला, का उठत नाहीस. गेल्या नाताळात मी पुन्हा उठले. चमत्कार काही झाला नव्हता. श्रद्धा बोलून दाखवतानाही एकदोन ओळींवर अजून अडते.

यंदा त्या रविवारी मी जरा लवकर गेले. आमच्या वाडीतला एक मुलगा, गेल्या पावसाळ्यात त्याचा भाऊ बुडाला, तेव्हापासून तो मिस्सा संपेपर्यंत कंपाउंडमध्ये बाइकला टेकून उभा असतो. कडेच्या बाकावर माझ्या शेजारी पर्स ठेवून जागा धरली. तो आत आला नाही. पुढच्या रविवारीही ठेवणार आहे.