आरओने कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं: फिरत्या संदेशाला उत्तर

प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे धावत-फिरत वेळ लावून टार्गेट्सवर पिस्तूल चालवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सार असं: ‘लोड अँड मेक रेडी’ (पिस्तूल भरून तयार व्हा) झाल्यावर रेंज ऑफिसरने, म्हणजे शूटरसोबत राहून सुरक्षा आणि नियम पाहणाऱ्या आरओने, ठरलेल्या कमांड्सपलीकडे एक शब्दही बोलायचा नाही. बोलला तर ती ढवळाढवळ, आणि शूटरला रिशूट, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मारण्याची संधी, मिळालाच पाहिजे. काही धोकादायक दिसलं तर सरळ डीक्यू करावं, म्हणजे सामन्यातून बाद करावं, आधी इशारा देणं हा पक्षपात. फार तर माणुसकी म्हणून चेंबर (गोळी सुटायला तयार बसते ती पिस्तुलातली जागा) रिकामं आहे किंवा टार्गेट राहिलंय एवढी आठवण करावी. आरओने ऐकलं नाही तर वर दाद मागा, जिंकणारच.

एवढ्याशा मजकुरात नियम इतका उलटा मांडणं सोपं नाही. जे बोलायची मुभा आहे ते इथे बंद केलंय, आणि जे बोलायला बंदी आहे ते माणुसकीच्या खात्यात टाकलंय. पुढचं सगळं १९७६ साली स्थापन झालेल्या आयपीएससी या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे आणि तिचा अमेरिकेतला कारभार पाहणाऱ्या यूएसपीएसएचे नियम धरून लिहितोय. दोघांची भाषा इथे बरीचशी सारखी आहे.

‘कमांड्सपलीकडे एक शब्दही नाही’

नियम ८.६.१ वाचला असता तर हे वाक्य कुणी लिहिलंच नसतं. कोर्स ऑफ फायर, म्हणजे स्पर्धकाची फेरी, चालू असताना त्याला कोणतीही मदत करता येत नाही, हे तो सांगतोच. पण त्याच वाक्यात अपवाद आहे: त्या स्टेजवर (सामन्यातल्या एका टप्प्यावर) नेमलेला कुठलाही आरओ सुरक्षेचा इशारा कधीही देऊ शकतो. संदेश लिहिणाऱ्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि उरलेला सोडून दिला.

कोर्स ऑफ फायर सुरू होतो ‘लोड अँड मेक रेडी’ला आणि संपतो ‘रेंज इज क्लिअर’ला. म्हणजे पिस्तूल भरताना, धावताना, मॅगझिन बदलताना आणि शेवटी पिस्तूल रिकामं करून होल्स्टरमध्ये ठेवताना, या सगळ्या वेळात आरओ ‘फिंगर!’ (बोट ट्रिगरवरून काढ) किंवा ‘मझल!’ (नळीचं तोंड सांभाळ) म्हणून ओरडू शकतो. आयडीपीए या दुसऱ्या संघटनेने तर हे दोन्ही शब्द कमांड्सच्या यादीतच घातलेत. ‘स्टँडबाय’ आणि स्टार्ट सिग्नल यांच्यामधले एक ते चार सेकंद आरओ एरवी गप्पच असतो. पण त्या वेळात कुणी स्टेजमध्ये शिरलं तर त्याने गप्प राहावं, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

‘बोलला की रिशूट’

तोच नियम पुढे सांगतो की असा इशारा हे रिशूटचं कारण ठरत नाही. ‘मझल’ ऐकून दचकलात, एक गोळी टार्गेटच्या कमी गुणांच्या ‘डी’ भागात गेली, दोन सेकंद वाया गेले, तर ते सगळं तुमच्याच खात्यावर. कारण मझल तुमची होती.

रिशूट मिळतो तो वेगळ्या कारणांनी. आरओचा चुकून धक्का लागला किंवा बाहेरच्या कशामुळे अडथळा आला, तर आरओ रिशूट देऊ करू शकतो. तो घ्यायचा की नाही हे वेळ किंवा गुण पाहण्याआधी ठरवायचं. आधी टायमर पाहून मग ‘धक्का लागला होता’ हे चालत नाही. आणि त्या गडबडीत सुरक्षेचा नियम मोडला असेल तर डीक्यूची टांगती तलवार तशीच राहते. कानावरचं किंवा डोळ्यांवरचं संरक्षण मध्येच सरकलेलं आरओला दिसलं, तर त्याने लगेच थांबवायचं आणि ते नीट बसवल्यावर स्पर्धकाने पुन्हा मारायचं.

स्क्विबचा प्रसंग सगळ्यात बोलका आहे. काडतुसातली दारू कमी पडली, गोळी नळीतच अडकली, आवाज नेहमीपेक्षा दबका आला. शूटर वेगात असतो, त्याला हे कळतंच असं नाही. पुढचा राउंड सुटला तर नळी फुटू शकते. आरओ ‘स्टॉप’ ओरडतो. तपासणीत गोळी खरंच अडकलेली निघाली तर रिशूट नाही. शेवटच्या शॉटपर्यंतची वेळ धरली जाते आणि राहिलेल्या टार्गेट्सचा दंड लागतो. संशय खोटा निघाला तर रिशूट करावाच लागतो. म्हणजे आरओचा अंदाज चुकला तर स्पर्धकाला पुन्हा पूर्ण संधी आहे. ही सोय असताना ‘बोललो तर अडकू’ या भीतीने तोंड मिटून राहणारा आरओ मला तरी जास्त धोकादायक वाटतो.

‘इशारा म्हणजे पक्षपात, सरळ डीक्यू करा’

इशारा आणि डीक्यू हे एकमेकांचे पर्याय आहेत, असं यात गृहीत धरलंय. तसं नाही. मझल बॅकस्टॉपच्या, म्हणजे टार्गेट्समागच्या गोळ्या अडवणाऱ्या बांधाच्या, मध्यरेषेपासून ९० अंशांपलीकडे गेली की डीक्यू, मग आधी कुणी ओरडलेलं असो वा नसो. मझल त्या मर्यादेकडे सरकत असेल तर अजून गुन्हाच घडलेला नाही, मग डीक्यू कशाबद्दल? इशाऱ्याची जागा नेमकी तिथे आहे. उलट बाजूने, ‘मला आधी सांगितलं नाही’ हाही बचाव होत नाही. नियमाने आरओला इशारा देण्याची मुभा दिलीय, प्रत्येक वेळी दिलाच पाहिजे असं बंधन घातलेलं नाही.

पक्षपात होऊ शकतो तो निवडक इशाऱ्यांमधून: ओळखीच्या शूटरला ‘मझल’ सांगायचं आणि अनोळखी माणसाची वाट पाहायची. हा दोष त्या आरओचा, नियमाचा नाही.

‘माणुसकी म्हणून आठवण करावी’

आता खरी मेख. संदेशातला हा सगळ्यात गोड भाग, आणि सगळ्यात चुकीचाही.

आधी चेंबर. स्टेजच्या लेखी सूचनेनुसार चेंबर भरायची परवानगी आहे आणि स्पर्धकाने ते भरलं नाही, विसरून किंवा मुद्दाम, तर आरओने काहीही करायचं नाही असं नियमच स्पष्ट सांगतो. पिस्तुलाची जबाबदारी सर्वस्वी स्पर्धकाची. सिग्नल वाजणार, तो पिस्तूल काढणार, नुसतं ‘क्लिक’ ऐकू येणार आणि मागे सगळा स्क्वॉड, म्हणजे सोबतच्या स्पर्धकांचा गट, कण्हणार. बघायला वाईट वाटतं, पण रिकाम्या चेंबरने कुणाला इजा होत नाही.

मग राहिलेलं टार्गेट. कागदी टार्गेटवर दोन गोळ्या मागितल्या असतील आणि एकही मारली नाही, तर दोन मिसचे वीस आणि टार्गेटवर न मारल्याचे दहा, असे तीस गुण दंडात जातात. शिवाय मिळणारे दहा बुडतात. समजा २४ गोळ्यांची, १२० गुणांची स्टेज आहे आणि लागलेली प्रत्येक गोळी पूर्ण पाच गुणांच्या ‘ए’ भागात आहे. गुणांना सेकंदांनी भागलं की हिट फॅक्टर; तो सर्वात जास्त असणाऱ्याला स्टेजचे पूर्ण १२० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. पहिला आलेला २० सेकंदांत संपवतो, हिट फॅक्टर ६. दुसरा एक टार्गेट विसरून १९ सेकंदांत थांबतो: ८० गुण, हिट फॅक्टर ४.२१, स्टेजचे साधारण ८४ गुण. आता आरओ पुटपुटला, ‘डावीकडे एक राहिलं’. तो वळतो, मारतो, वेळ २२ सेकंद, हिट फॅक्टर ५.४५, स्टेजचे १०९ गुण. एका पुटपुटण्याची किंमत २५ गुण. याच माणसाशी ज्यांची चुरस आहे, त्यांचे ते २५ गुण आरओने परस्पर वाटून टाकले.

आणि मदत फक्त तोंडाने होते असंही नाही. शूटर थांबला की आरओने त्याच राहिलेल्या टार्गेटकडे टक लावून पाहणं, किंवा एरवी लगेच देतो ती ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’ (झालं असेल तर पिस्तूल रिकामं करून दाखवा) ही कमांड या एकासाठी लांबवणं, शेवटी प्रश्नार्थक सूर लावणं, हेही सांगणंच झालं. मुरलेला आरओ ही कमांड प्रत्येकाला एकाच सुरात, एकाच गतीने देतो आणि नजर पिस्तुलावर ठेवतो. तसाही त्याचा जीव तिथेच अडकलेला असायला हवा.

मागून मित्र ओरडला तरी हाच न्याय. मदत करणारा आणि घेणारा, दोघांनाही प्रोसिजरल, म्हणजे कार्यपद्धती मोडल्याचा, दंड लावणं आरओच्या अखत्यारीत आहे.

या गैरसमजाचं मूळ कुठे असावं याचा अंदाज येतो. यूएसपीएसएच्या नियमांत लेव्हल वन म्हणजे क्लब पातळीच्या सामन्यांत, आरओची संमती असेल तर स्पर्धक मागेल ते मार्गदर्शन दंडाशिवाय मिळू शकतं. नवखे लोक तिथेच शिकतात, आणि ते योग्यच आहे. पण तिथली सवय घेऊन कुणी मोठ्या सामन्यात गेला आणि आरओ गप्प राहिला, तर त्याला तो आरओ तुसडा वाटतो.

‘दाद मागा, जिंकणारच’

दाद मागता येते, यात वाद नाही. आधी आरओ, मग चीफ रेंज ऑफिसर, मग रेंज मास्टर आणि शेवटी आर्बिट्रेशन कमिटी, म्हणजे वाद निकाली काढणारी समिती. कमिटीकडे जायचं तर घटनेपासून एका तासाच्या आत लेखी अर्ज आणि शुल्क द्यावं लागतं. ‘मझल’ असा इशारा ऐकू आला म्हणून रिशूट हवा, एवढंच कारण घेऊन गेलात, तर कमिटी ८.६.१ उघडून तुमच्यासमोर ठेवेल. अर्ज फेटाळला गेला की शुल्क परत मिळत नाही.