माझ्या नवऱ्याला कृष्णेतून कुणी कुणी काढलं

परवा सांगलीला दिराच्या मुलाची मुंज झाली. मुंजीचं काही सांगत बसत नाही, मुंजीसारखी मुंज, मे महिना, कार्यालयात माणसं जास्त आणि पंखे कमी. सांगायचंय ते दुसऱ्या पंगतीला माझ्या समोर येऊन बसलेल्या एका काकांबद्दल, ज्यांनी जिलबी मठ्ठ्यात बुडवत बुडवत सगळ्या पंगतीदेखत मला विचारलं, "सूनबाई, तुम्ही होता काय तिथं?" आणि सगळे हसले. सगळे हसले ते एकवेळ ठीक आहे, पण नवरापण हसला. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तर माझा नवरा लहानपणी कृष्णेत बुडता बुडता वाचला. ही आमच्या घरातली मुख्य घटना आहे, बाकी सगळा इतिहास ह्याच्या आधी किंवा नंतर. 1992 चा मे, हा आठ वर्षांचा, जागा माई घाट. कुठलंही कार्य असो, मसालेभात वाढून होईपर्यंत कुणीतरी विषय काढतंच, आणि गंमत म्हणजे दर वेळी ह्याला वाचवणारा माणूस वेगळा असतो. मामेसासरे म्हणतात मी केसाला धरून ओढला. शेजारचे एक निवृत्त मास्तर आहेत ते म्हणतात चड्डीला धरून. एका लग्नात तर एक पैलवान गृहस्थ भेटले, त्यांनी म्हणे घाटावर जोर मारता मारता एका हाताने उचलला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हिशोब ठेवतेय, इतक्या लोकांनी मिळून जर खरंच ओढलं असतं तर पोरगं जागेवर राहिलं नसतं.

आणि पाणी. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी जी गोष्ट सांगितली त्यात पाणी गुडघाभर होतं, शेवाळावर पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं, संपलं. पुढे ते कमरेला आलं. मग 2019 चा महापूर आला. सांगलीच्या लोकांना पाणी म्हटलं की आयर्विन पुलाची पट्टीच दिसते, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, पावसाळ्यात फोन केला तर कशी आहेस विचारायच्या आधी "आयर्विनला इतके झाले" असं सांगतात, आणि त्या वर्षी ते 57 च्या वर गेलं. आमच्या सासऱ्यांच्या घरात पहिला मजला पाण्यात. माणसं वर गच्चीत गेली म्हणून वाचली, पण कपाटातले सगळे अल्बम गेले. चिखल वाळल्यावर सासूबाई एकेक पान सोडवायला बघत होत्या आणि हातात नुसता रंग येत होता, ते बघून मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याचा एक परिणाम असा झाला की पिंट्याच्या (हे नवऱ्याचं सांगलीतलं नाव, पुण्यात ह्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत, ती ह्याला सर म्हणतात) बालपणाचा पुरावाच वाहून गेला, आणि आता ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. 2019 नंतर गोष्टीतलं पाणी जे चढलंय ते काही उतरायला तयार नाही.

तर काका. ते कुणाकडचे हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलाकडच्यांना वाटलं आजोळचे, आजोळच्यांना वाटलं इकडचे. पांढरा नेहरू शर्ट, खिशात दोन पेनं. बसल्या बसल्या वाढप्याकडे वळून "जिलबी इकडं सोड की" म्हणाले आणि मग माझ्याकडे.

"पिंट्याची मिसेस न्हवं का तुम्ही? ह्याला मीच काढलाय बाहेर."

मी म्हटलं, "कुठून?" माहीत होतं, पण तरी.

"नदीतनं की! दुसरं कुठनं? महापूर होता. मी सायकलवरनं आयर्विनवर आलो, खाली बघतोय तर एक पोरगं वाहत चाललंय. सायकल टाकली आणि मारली उडी."

"पुलावरून?"

"मग काय करणार? घाटाला वळसा घालून येईस्तोवर पोरगं हरिपूरला."

आता हरिपूर म्हणजे पुढे वारणेचा संगम आहे तिथे. मामेसासरे दोन पानं सोडून बसले होते, ज्यांनी केसाला धरलं होतं, ते मान डोलवत होते. त्यांना विचारायला पाहिजे होतं की तुम्ही वाचवलंत ते कुठलं पोर.

मी शांतपणे म्हटलं, "काका, पण शाळेला सुट्टी होती ना? मे महिन्यात महापूर कसा येईल?"

काकांनी हातातली जिलबी परत पानात ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, म्हणजे काय रे ही कुठनं आणलीस, असं. "कोयनेचं पाणी सोडलेलं."

"मे मध्ये?"

"उन्हाळ्यातच सोडतात की वो, शेतीला. 105 टीएमसीचं धरण आहे ते. तुमच्या पुण्याकडं न्हाई कळत त्यातलं."

इथे माझी खरी चिडचिड झाली, कारण हे खरं आहे. कोयनेतून उन्हाळ्यात शेतीला पाणी सोडतात, कराडला कोयना कृष्णेला मिळते, ते पाणी सांगलीला येतं, सगळं बरोबर. फक्त त्याने महापूर येत नाही. आणि मे महिन्यातल्या कृष्णेत आयर्विनवरून उडी मारली असती तर काका आज जिलबी खायला उरले नसते, तो 1929 सालचा दगडी पूल आहे, घराचा ओटा नाही. पण हे सगळं मी बोलेपर्यंत काकांनी अर्धं 'हो' पंगतीकडून मिळवलं होतं.

"आणि सायकल?" मी विचारलं.

"गेली. भाड्याची होती. मालकाला भरून दिली पदरची. पिंट्या, तुला आठवतंय की?"

नवरा म्हणाला, "हो काका." ह्याला काडीचं आठवत नाही. ह्याला आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही.

मग मी म्हटलं की आई तर म्हणतात पाणी गुडघाभर होतं, आणि मग ते वाक्य आलं. सूनबाई, तुम्ही होता काय तिथं.

नव्हते. मी तेव्हा डोंबिवलीत होते, सहा वर्षांची. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते, मीपण एकदा हरवले होते. डोंबिवली स्टेशनला, संध्याकाळच्या गर्दीत, आईचा हात सुटला, आणि आई घाम फुटलेली शोधत फिरत होती तेव्हा मी स्टेशन मास्तरच्या खोलीत बसून बशीतून चहा पीत होते. चांगली गोष्ट आहे ही. सासरी मी ती एकदा सांगायला घेतली, स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोचले आणि सासूबाई म्हणाल्या, "बरं, कोशिंबीर वाढ." त्या वाईट नाहीत, खरंच कोशिंबीर वाढायची राहिली होती. पण तो जिना मी आजवर उतरलेले नाही. माझ्या लेकाने शाळेत 'माझे बाबा' निबंधात नदी घातली, आत्यांचे लाड घातले, गणपतीचं दूध घातलं, पुरवणी जोडली. 'माझी आई' मध्ये मी सकाळी लवकर उठते.

गणपतीच्या दुधाचं म्हणजे 21 सप्टेंबर 1995, देशभर गणपती दूध प्यायले तो दिवस. आमच्याकडची आवृत्ती अशी की देवळात रांग लागलेली, कुणाच्या चमच्यातलं दूध थोडं सांडलं, कुणाचं थोडं आत गेलं, पण पिंट्याच्या हातून गणपतीने सगळा चमचा संपवला. पोरात काहीतरी आहे असं आजेसासूबाई म्हणाल्या. माझा अंदाज आहे की चमचा गणपतीपर्यंत पोचलाच नव्हता. मग पुढच्या वर्षीचं 13 मार्च, वर्ल्डकपची सेमीफायनल, कोलकात्याला प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आग लावली, सामना श्रीलंकेला दिला, विनोद कांबळी रडत बाहेर आला आणि त्याच्याबरोबर सांगलीत पिंट्या रडला, जेवेना, म्हणून रात्री उठून त्याच्यासाठी शिरा केला. ही गोष्ट ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावतात. किती हळवा होता बघ.

शिरा कुणी केला हे मी बरीच वर्षं विचारलं नव्हतं. ताईने केला, माझ्या नणंदेने. त्याच महिन्यात तिची दहावी होती. दुधाच्या गोष्टीत तांब्या धरून उभी कोण, ताई. आणि नदीच्या गोष्टीत काठावर पिंट्याचे कपडे धरून कोण उभं होतं, तर तीच, बारा वर्षांची. सगळ्या गोष्टींत ती आहे, आणि सगळ्यांत काहीतरी धरून आहे. सांगणारा तिथून "ताई होतीच" एवढं म्हणून पुढे जातो.

तर पंगत उठल्यावर हात धुवायच्या तिथे मी तिला गाठलं. म्हटलं ताई, तुम्ही तर होता ना तिथं, सांगा की एकदा, कुणी काढलं? ती पदर सांभाळत तोंड पुसत म्हणाली, "आता काय आठवायचंय गं. मी ओरडले, दोन-चार जण धावले. त्यातलं कोण ते मी नाही बघितलं." मग थोडं थांबून म्हणाली, "घरी आल्यावर बाबांनी मला झोडपलं मात्र. लक्ष कुठं होतं म्हणून. त्याला दूध-हळद दिली." आणि हसली, आणि आहेराच्या पिशव्या मोजायला निघून गेली, कारण ते काम पण तिच्याचकडे होतं.

मी नवऱ्याला सांगितलं हे. तो म्हणाला, "असं काही झालं नव्हतं, बाबा कधी हात उगारायचे नाहीत." मी म्हटलं तुझ्यावर नसतील. तो म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीचं हे करतेस." हे म्हणजे काय ते सांगितलं नाही.

निघताना काका गाडीपाशी उभे. विश्रामबागला सोडता का म्हणाले, वाटेतच आहे. वाटेत नव्हतं. पुढची सीट अर्थात त्यांची, मी आणि लेक मागे, भडंगाची पुडकी, नारळ आणि रुखवताचा एक मोठा ताट-झाकलेला डबा ह्यांच्यासकट. वाटेत काकांनी एसी कमी करायला लावला आणि पिंट्याने पहिलीत असताना हेडमास्तरांची टोपी कशी पळवली ते सांगितलं, आणि हेडमास्तरांना ती परत कुणी नेऊन दिली, तर काकांनीच.

विश्रामबागला उतरताना त्यांनी खिडकीतून आत हात घालून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "आता तरी पोहायला शिक रे पिंट्या, दर वेळी मी असणार नाही."

बेचाळीस वर्षांचा माणूस, "होय काका" म्हणाला.