सेल, मळ, ओल आणि मी

एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं. नुसत्या आवाजावरून सांगायचो की नोझल चोक झालंय का बेअरिंग गेलंय, आणि त्याच आवाजानं हळूहळू कान खाल्ले. आता दोन्ही कानांमागं ऐकायचं मशीन आहे, नळीवालं, पुढं कानात बसणारा साचा. उजव्याला लाल खूण, डाव्याला निळी. राजकारणात लाल झेंडा डाव्यांचा, इथं उलटं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

मशीन बंद पडलं की बहुतेक वेळा संशयित तीनच. सेल, मळ नाहीतर ओल. पण आमच्या घरात संशयित चार आहेत आणि चौथा मी. आवाज येत नाही म्हणलं की बायको मशीनकडं न बघता आधी माझ्याकडं बघते. "आवं, ध्यान दिलं तर येतंय की ऐकू!" आता ध्यान देऊन ऐकू येत असतं तर एवढे पैसे कशाला घातले असते?

सेलचंच घ्या. हा घड्याळाचा सेल नव्हे. आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात एका घड्याळवाल्यानं मला रुपयाएवढा चपटा सेल काढून दिला, वर म्हणतो, "बसतोय काका, जरा ढकला." माझ्या मशीनला 13 नंबर लागतो, नारंगी स्टिकरवाला. 10 ला पिवळं, 312 ला तपकिरी, 675 ला निळं, कंपनी कुठलीबी असो रंग तेच. आत जस्त असतं, स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं आणि मग घालायचा. आणि एकदा जागा झालेला सेल परत झोपत नाही, वरून पुन्हा स्टिकर डकवलं तरी नाही, वापरा नाहीतर ठेवा तो आपला संपत राहतो.

हे नातवाला माहीत नव्हतं. त्याला भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढून कुठं काय पिकतं ते दाखवायचं होतं, त्यानं माझं नवंकोरं पाकीट फोडून सहाच्या सहा नारंगी स्टिकरं सोलली आणि संत्री म्हणून नागपूर-अमरावतीकडं चिकटवली, एक उरलं ते आपलं गाव म्हणून लातूरवर! रागवायच्या आधी मी सेल मोजले. सहा भरले तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण असला सेल लेकराच्या पोटात गेला तर घरगुती उपाय करत बसायचं नसतं, उचलायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. मग दोन सेल माझ्या कानात गेले आणि बाकीचे चार डबीत बसल्या बसल्या म्हातारे झाले. बाईंनी वहीवर 'छान' असा शेरा दिला, आणि घरात सगळ्यांना तेवढाच दिसला.

शिट्टीचं प्रकरण वेगळं. मशीनमधला आवाज साच्याच्या फटीतून बाहेर सांडतो, परत माईकमध्ये शिरतो, तिथून मोठा होऊन पुन्हा बाहेर, असा गोल फिरायला लागला की शिट्टी वाजते. साचा ढिला झाला, कानात मळ साठला किंवा मशीनवर काही झाकण आलं की हे होणारच. पुतणीच्या लग्नात मला व्याहीभेटीला उभं केलं. फेटेवाल्या पोरानं फेटा असा करकचून कानावरून घेतला की काय सांगू, आणि वरून व्याही धिप्पाड, त्यांनी मिठी मारली आणि दोन्ही मशीन एकदम कोकलली. व्याह्यांनी घाईघाईनं खिशातला मोबाईल काढून बघितला, त्यांच्या मागच्यानं त्याचा बघितला, फोटोग्राफर म्हणाला माझा नाही, आचाऱ्याकडं कुणीतरी कुकर बघायला पळालं. मी गप. मुलीकडच्यांनी अशा वेळी बोलायचं नसतं.

आता ओल. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात माझ्या कानाच्या नळीत मात्र पाणी साठतं! उन्हाळ्यात घामानं, पावसाळ्यात दमट हवेनं, नळीत बारीक थेंब अडकतो आणि माणसं बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. उपाय सोपा आहे, साचा नळीसकट मशीनपासून सोडवायचा, रबरी फुग्यानं फू करून थेंब उडवायचा, आणि रात्री सेलचं दार उघडं टाकून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. पण आमच्याकडं सल्ल्याला कमी नाही. शेजारचे म्हणाले उन्हात घाला, मेव्हणा म्हणाला हेअर ड्रायर मारा, ही दोन्ही कामं मशीन कायमचं मारायला उत्तम. बायकोनं तांदळाच्या डब्यात ठेवायचं काढलं, मी म्हणलं नको माय, एखाद्या दिवशी खिचडीतून ऐकू यायला लागंल.

मळाचं काम मी स्वतः करतो, सुनेला सांगत नाही. साच्याचं तोंड बारीक ब्रशनं, खाली धरून, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. साचा सोडवून कोमट साबणपाण्यात धुतला तर चालतो, नीट वाळवून मगच जोडायचा. एकदा सून म्हणाली, "मामा, साच्यासंगं मशीनबी भिजू घालू का?" तेव्हापासून हे खातं मी माझ्याकडं ठेवलंय.

सगळ्यात बेक्कार टी प्रोग्रॅम. टोपी सारताना बटण दाबलं गेलं की माईक बंद, आणि मशीन फक्त चुंबकीय लहरी पकडायला लागतं. कीर्तनात बुवा हात वर करून रंगात आलेत, टाळकरी डोलतायत, आणि मला फक्त इन्व्हर्टरची गुणगुण. मी सेल बदलला, फू केलं, साचा पुसला, शेजारचा माणूस सारखा सरकत गेला. शेवटी बटण दाबलं तेव्हा 'बोला पुंडलिक वरदे'ला पोचलो होतो.

या सगळ्यावर एक दुरुस्ती डॉक्टरीणबाईंनी सांगितली. कडक होऊन पिवळी पडलेली नळी बदलून देताना त्या घरच्यांना म्हणाल्या, स्वयंपाकघरातून ओरडू नका, समोर येऊन, तोंड दिसेल असं, नेहमीच्या आवाजात बोला. बायकोनं मान डोलवली. घरी आल्यावर कुकर लावून, नळ सोडून, भिंतीकडं तोंड करून विचारलं, "बाई काय म्हणाल्या आवं?"

आता गल्लीतली म्हातारी मंडळी आपापली मशीन घेऊन माझ्याकडं येतात. परवा समोरच्या काकू आल्या, नवं मशीन मुकंच आहे म्हणून. उघडलं तर सेल स्टिकरसकट आत. मी सोललं, मिनिटभर थांबलो, घातला, कानात नीट बसवून दिलं. काकूंनी इकडं तिकडं बघितलं, चेहरा खुलला आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "अगंबाई! तुमची पाण्याची मोटार केवढी ओरडती हो, कायतरी करा तिचं."