ओटीपी बापाच्या मोबाईलवर

राळेगाव तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, सीईटीचं हॉल तिकीट, बापाचा पीक विमा, सातबारा, सगळं आमचे पोट्टेच मोबाईलवर करतात. त्यामुळे मानसिक उपचारांच्या आपल्या नोंदी अन् माहिती रुग्णाला ऑनलाईन दिली तर खेड्यातल्या मुलांना झेपणार नाही असं कोणी म्हटलं की हसू येतं. गोळीच्या पाकिटावरचं नाव ते आजही गुगलवर टाकतातच. अन् मग भलतंच वाचून घाबरतात.

यवतमाळला उपचार सुरू असलेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, डॉक्टरनं माह्याबद्दल काय लिहिलं ते मले वाचता येते का?" लगेच दुसरा प्रश्न. "अन् बाबा वाचू शकते का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 25: रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क आहे. वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल, तेवढाच भाग रोखता येतो.

घोडं अडतं ते दुसऱ्यावर. अठरा वर्षांखालच्या मुलाचे प्रतिनिधी कायद्यानं पालकच. त्यात आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी ऑनलाईन जोडणारं सरकारी कार्ड, काढायला बहुतेकदा आधारचा ओटीपी लागतो, आधारला नंबर बापाचा अन् फोनही बापाच्याच खिशात. उद्या या नोंदी खरंच मोबाईलवर आल्या तर त्या आधी कोण उघडणार, हे सांगायला नको. पोरीला एवढं कळलं की ती डॉक्टरला "झोप लागत नाही" यापलीकडे काही सांगणार नाही.

अमेरिकेत रुग्णालयाच्या नोंदी रुग्णाला ऑनलाईन खुल्या ठेवणं एप्रिल 2021 पासून बंधनकारक आहे. तिथं बऱ्याच ठिकाणी किशोरवयीन मुलांचं खातं वेगळं अन् आईबापाला मर्यादित भाग दिसतो. आपल्याकडं हे पहिल्या दिवसापासून हवं, तक्रारी आल्यावर नाही.

बापाला खलनायक करायचं नाही मला. गोळ्या कोणत्या, पुढची तारीख कधी, हे त्याला दिसलंच पाहिजे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल तर मुलीची परवानगी न विचारता, त्याच दिवशी सांगितलं पाहिजे, कारण आमच्या कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचं औषध घरातच ठेवलेलं असतं. पण बाप पिऊन येतो म्हणून झोप लागत नाही, हे पोरीनं डॉक्टरला सांगितलेलं बापानं का वाचावं?

मुलांचं मागणं तसं लहानच आहे. गोळी कशासाठी, किती दिवस, हे साध्या मराठीत कळावं. अन् एखादा प्रश्न लिहून पाठवता यावा, कारण तेवढ्यासाठी एसटीनं यवतमाळ गाठायचं म्हणजे कॉलेज बुडतं अन् घरच्याची मजुरीही.

तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ओटीपी लागत नाही. फक्त घरच्या फोनवरून लावला तर केलेल्या कॉलच्या यादीत नंबर राहतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आरोग्य खात्यात कोणी ओळखीचं असेल तर मुलांच्या वेगळ्या ऑनलाईन खात्याचं तेवढं त्यांच्या कानावर घाला.